विणलेल्या सुती कापडाची आयात: शुल्क, कागदपत्रे आणि गोदामापर्यंतचा खर्च

इचलकरंजीचा किंवा भिवंडीचा व्यापारी परदेशातून सुती कापड पहिल्यांदा मागवतो तेव्हा शुल्क किती टक्के, हे आधी विचारतो. न्हावा शेव्याला त्याचा कंटेनर अडकतो तो मात्र बहुधा इन्व्हॉइसवरच्या त्रोटक वर्णनामुळे. नुसत्या ‘कॉटन फॅब्रिक’ या शब्दांवर वर्गीकरण होत नाही. वजनाने 85 टक्के किंवा अधिक कापूस असलेले आणि चौरस मीटरला 200 ग्रॅमपर्यंत भरणारे कापड सीमाशुल्काच्या यादीतील 5208 या शीर्षात (वर्गात) येते, त्याहून जड कापड 5209 मध्ये. कापूस 85 टक्क्यांहून कमी आणि मिश्रण मुख्यतः कृत्रिम धाग्याचे असल्यास तसेच वजनानुसार 5210 किंवा 5211. कापड कोरे, ब्लीच केलेले, रंगवलेले, रंगीत सुताचे की छापील, आणि वीण कोणती, यांवर पुढचे आकडे ठरतात. ही माहिती पन्ह्यासह पुरवठादाराकडून माल निघण्यापूर्वीच इन्व्हॉइसवर लिहून घ्यावी. पन्ह्याचा आग्रह अशासाठी की, काही उपशीर्षांवर टक्केवारी किंवा प्रति किलो अथवा प्रति चौरस मीटर ठरावीक रक्कम, यांपैकी जे अधिक ते शुल्क लागते, आणि इन्व्हॉइस असते लांबीच्या मीटरमध्ये. 58 इंची पन्ह्याचे 10,000 मीटर म्हणजे सुमारे 14,732 चौरस मीटर होतात. स्वस्त कापडाच्या बाबतीत सगळा हिशेब इथेच कोसळतो.

मालाची किंमत, जहाजभाडे आणि विमा मिळून 10,00,000 रुपये झाले आणि मूळ सीमाशुल्क 10 टक्के धरले, तर शुल्क 1,00,000, त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार 10,000, आणि या सर्व बेरजेवर 5 टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) 55,500 रुपये होतो. आयजीएसटीचे क्रेडिट नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळते, म्हणून तो खर्चात धरू नये. उरलेले 1,10,000 मात्र कापडाच्या दरातच बसवावे लागतात. भाड्याची पावती नसेल तर मालाच्या एफओबी किमतीच्या, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीच्या, 20 टक्के भाडे गृहीत धरले जाते. एका हरवलेल्या कागदाची ही किंमत मोठीच आहे.

वर्णन नीट असले तरी माल अडू शकतो तो अ‍ॅझो रंगांच्या (कापड रंगवण्याच्या एका प्रकारच्या रासायनिक रंगांच्या) प्रमाणपत्रावर. कापडात भारतात बंदी असलेले घातक रंग नाहीत, असे प्री-शिपमेंट प्रमाणपत्र उत्पादक देशाच्या राष्ट्रीय मान्यता संस्थेने मान्य केलेल्या प्रयोगशाळेचे असावे लागते. गिरणीच्या लेटरहेडवरचे हमीपत्र त्याची जागा घेत नाही, आणि नेमके तेच घेऊन बहुतेक जण येतात. प्रमाणपत्र नसल्यास नमुने काढून इथे तपासणी होते, अहवाल येईपर्यंत सीएफएसचे (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचे) भाडे आणि जहाज कंपनीचे डिटेंशन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) चढत राहते, आणि हा खर्च कोणाच्याही कोटेशनमध्ये नसतो. आयातदार, पुरवठादार, मूळ देश आणि कापडाचा दर्जा तोच असेल तर हा अहवाल सहा महिने चालतो. पुढच्या खेपेसाठी तो जपून ठेवावा.

व्यापार करारातील सवलतीच्या दरासाठी केवळ मूळ देशाचे प्रमाणपत्र पुरत नाही. 21 सप्टेंबर 2020 पासून लागू असलेल्या नियमांनुसार, कापड त्या देशाचे कसे ठरते याची माहिती आयातदाराजवळ असावी लागते आणि ती पाच वर्षे सांभाळावी लागते. पुरवठादार अशी माहिती सहसा देत नाही. मागणी करारातच घालावी.

बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे सीमाशुल्क विभागाकडे द्यायच्या आयात घोषणापत्राची, मुदत जहाज लागल्यानंतर सुरू होते, हा गैरसमज महागात पडतो. सर्वसाधारणपणे ते जहाज येण्याच्या आदल्या दिवशी, सुट्टी असली तरी, दाखल व्हावे लागते. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि पुढे रोज 10,000 रुपये आकार लागतो. एडी कोडची (परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या बँकेच्या क्रमांकाची) नोंदणी बँकेच्या पत्रावर होते, त्यात अडचण नसते. आयईसी (आयात-निर्यातदाराचा क्रमांक) मात्र दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर अद्ययावत करावा लागतो, माहितीत काहीही बदल नसला तरी. नाहीतर तो निष्क्रिय होतो, आणि हे बहुतेकांना कंटेनर बंदरात उभा असतानाच कळते.