राजहंस चोच उघडून श्वास घेतो तेव्हा

मे महिन्याच्या दुपारी जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा मळ्यातले राजहंस आंब्याच्या सावलीत चोची उघड्या टाकून धापा टाकताना दिसतात. हा आजार नव्हे. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, त्यांच्या शरीराचं तापमान एरवीही ४१ अंशांच्या आसपास असतं, आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला घशातली ओल वाफेवाटे सोडणं हाच त्यांचा मुख्य मार्ग. गार पाणी आणि दाट सावली मिळाली की संध्याकाळपर्यंत चोच आपोआप मिटते.

तोच पक्षी जुलैतल्या गार सकाळी मान ताणून, चोच वासून हवा ओढायला लागला, मधूनच डोकं झटकायला लागला, तर मात्र काळजीचं कारण आहे. खानदेशात केळीच्या मळ्यांत, शेतघरांवर राखणीला आणि हौसेला राजहंस पाळणारे बरेच आहेत. अशा वेळी त्यांच्यापैकी बहुतेक जण दुकानातून एक अँटिबायोटिकची पुडी आणि एक जंताची बाटली आणून दोन्ही पाण्यात कालवतात. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. धाप उन्हानं लागते, श्वासनलिकेतल्या जंतांनी लागते, फुप्फुसात गेलेल्या बुरशीनं लागते, जिवाणू-विषाणूंनीही लागते. बाहेरून चारही पक्षी जवळजवळ सारखे दिसतात. जंताचं औषध बुरशीला हात लावत नाही, अँटिबायोटिक जंतांना मारत नाही, आणि विषाणूवर दोन्ही फुकट जातात. म्हणून औषधाआधी कारण ओळखायला हवं, आणि त्यातलं बरंचसं काम घरी करता येतं.

आधी पक्ष्याचा श्वास समजून घेऊ. आपल्या छातीखाली श्वासपटल असतं. पक्ष्यांना तसं नसतं. त्यांची फुप्फुसं बरगड्यांना घट्ट चिकटलेली असतात आणि फारशी फुगत नाहीत. हवा खेळवण्याचं काम शरीरभर पसरलेल्या नऊ हवापिशव्या करतात. आत घेतलेली हवा बरीचशी आधी मागच्या पिशव्यांत जाते, उच्छ्वासाच्या वेळी तिथून फुप्फुसात येते, पुढच्या श्वासाला पुढच्या पिशव्यांत सरकते आणि त्यानंतरच्या उच्छ्वासाला बाहेर पडते. एका घोट हवेचा प्रवास असा दोन श्वासांत पुरा होतो. फुप्फुसातून हवा सतत एकाच दिशेनं वाहते, त्यामुळे प्राणवायू शोषण्याची ताकद विलक्षण. पट्टकादंब हे जंगली हंस हिमालय ओलांडून भारतात उतरतात ते याच रचनेच्या जोरावर.

या रचनेची दुसरी बाजूही आहे. हवेतून आलेली धूळ, बुरशी, धूर थेट पोटापर्यंतच्या पिशव्यांत पोचतो, आणि तिथे रक्तपुरवठा तोकडा असल्यानं औषध पोचायला कठीण. आणखी एक गोष्ट पाळणाऱ्यांनी पक्की ध्यानात ठेवावी: पक्ष्याचा श्वास छातीचं हाड खाली-वर होण्यावर चालतो. धापा टाकणारा राजहंस कवेत घट्ट आवळून धरला तर तो हातातच गुदमरू शकतो. पंख अंगालगत धरा, छाती मोकळी ठेवा, आणि हाताळणी झटपट आटपा.

आता जंत. श्वासनलिकेत राहणारे जंत कोंबड्यांत आणि इतर पक्ष्यांत ‘सिंगॅमस’ नावाचे असतात. राजहंसांत त्यांचा भाऊबंद ‘सायॅथोस्टोमा’ही आढळतो. सिंगॅमसची मादी सुमारे दोन सेंटिमीटर, नर त्याहून कितीतरी लहान, आणि नर मादीला जन्मभर चिकटलेला, त्यामुळे जोडी इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते. रक्त पिऊन लालभडक झालेले हे जंत नलिकेच्या आतल्या अस्तराला तोंड रोवून बसतात. तिथे सूज येते, चिकट स्राव साचतो, वाट अरुंद होते. मोठ्या पक्ष्याची नलिका रुंद असते, तो खोकत, डोकं झटकत दिवस काढतो. पिल्लाची नलिका इतकी बारीक की थोडेसे जंतही ती बंद करायला पुरतात.

जंतांची अंडी खोकल्याबरोबर घशात येतात, गिळली जातात आणि शिटेतून जमिनीवर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की अंड्यात अळी तयार होते. राजहंस ती गवताबरोबर सरळ खातो, किंवा गांडूळ, गोगलगाय तिला गिळते आणि अळी तिच्या अंगात थांबून राहते. गांडुळात ती काही वर्षंही जिवंत राहते. म्हणून हा आजार पावसाळ्यात डोकं वर काढतो आणि एकदा आवारात शिरला की दरवर्षी परत येतो. केळीच्या पट्ट्यात घरोघरी गांडूळखताचे बेड असतात. खत उत्तम, पण राजहंसांचं चरण्याचं आवार त्या बेडला लागून नसावं, आणि राजहंसांची शीट त्या बेडात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जंताला याहून सोयीची जागा आपण मुद्दाम करूनही देऊ शकणार नाही.

पोटातले जंतही आहेत, आणि राजहंसांच्या पिल्लांना मारण्यात ‘अमिडोस्टोमम’ हा फार पुढे. हा बारीक लालसर जंत गिझार्डच्या, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या, आतल्या कडक अस्तराखाली शिरतो आणि ते अस्तर सैल करून काळवंडून टाकतो. पिल्लू खातं, पण अंगी लागत नाही. चालताना मागे पडतं, फिकट दिसतं, मान टाकतं. याला गांडुळाची मध्यस्थीही लागत नाही. ओल्या गवतावर अळ्या थोड्या दिवसांत तयार होतात. पट्टकृमी वेगळे, त्यांची एक मोठी जात डबक्यातल्या सायक्लॉप्स या बारीक पाणकिड्यातून येते आणि तिला प्राझिक्वांटेलसारखं निराळं औषध लागतं.

हे सगळं शोधायचं साधन मात्र एकच, आणि स्वस्त. रात्री राजहंसांच्या खाली स्वच्छ प्लास्टिक अंथरा, सकाळी चार-पाच ठिकाणची ताजी शीट लहान डबीत घ्या, डबी उन्हात न ठेवता गार ठेवा आणि त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. मिठाच्या दाट पाण्यात शीट ढवळली की जड कचरा खाली बसतो, जंतांची हलकी अंडी वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतात. श्वासनलिकेतल्या जंतांच्या अंड्याला दोन्ही टोकांना झाकणासारखी बुचं असतात. आजाराचं नाव ठरवायला ही खूण मदत करते. लागण नवी असेल तर शिटेत अंडी दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे पहिला अहवाल स्वच्छ आला आणि खोकला चालूच राहिला तर पुन्हा तपासणी करावी. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन करता येतो.

औषधाचं माप हा भाग मी सावकाश सांगतो, कारण इथेच पक्षी हातचे जातात. राजहंसासाठी असं लिहिलेली जंताची बाटली आपल्याकडे सहसा मिळत नाही; मिळते ती शेळ्या-गुरांची. आधी पक्ष्याचं वजन करा. त्याला घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं. चिनी जातीचा, चोचीच्या मुळाशी गाठ असलेला राजहंस साधारण चार ते सहा किलोचा भरतो. आता समजा पशुवैद्यांनी फेनबेंडाझोल किलोला २० मिलिग्रॅम दिवसाला, सलग काही दिवस द्यायला सांगितलं. बाटलीवर अडीच टक्के लिहिलं असेल तर एका मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम औषध आहे. पाच किलोच्या पक्ष्याला १०० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला चार मिलिलिटर. दहा टक्क्यांची बाटली असेल तर तेवढ्याच कामाला एकच मिलिलिटर. आयव्हरमेक्टिन या दुसऱ्या जंतनाशकाचं गणित तर आणखी नाजूक: गुरांच्या एक टक्का इंजेक्शनात मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असतं, आणि किलोला ०.२ मिलिग्रॅम या मापानं पाच किलोच्या पक्ष्याला फक्त ०.१ मिलिलिटर लागतं. अंदाजानं एक मिलिलिटर दिलं की ते दहापट झालं, आणि जास्त मात्रेत हे औषध मेंदूवर जातं. पिसं झडून नवी फुटत असतील तर फेनबेंडाझोलबद्दल आधी विचारा. त्या काळात दिल्यानं काही पक्ष्यांत पिसं वेडीवाकडी येतात.

औषध पाण्यात कालवणं मला पटत नाही. आजारी पक्षी पाणी कमी पितो, धडधाकट जास्त पितो, म्हणजे ज्याला हवं त्याला कमी आणि ज्याला नको त्याला जास्त. शिवाय असली बरीच औषधं तळाशी बसतात. त्यापेक्षा भाकरीच्या मऊ तुकड्यात मुरवून एकेकाला भरवा. खातच नसेल तर सिरिंजनं द्यावं लागतं, आणि तेव्हा चोचीत नीट बघा: जिभेच्या बुडाशी एक उभी फट प्रत्येक श्वासाला उघडते-मिटते. तीच श्वासनलिका. औषध त्या फटीवर पडलं तर सरळ फुप्फुसात जाईल. चोचीच्या कडेनं, थोडं थोडं, त्याला गिळू देत द्यायचं. घुसमटत असलेल्या पक्ष्याला हे घरी करू नका. ते डॉक्टरांच्या हातचं काम आहे. जंत मरून सुटायला लागले की एक-दोन दिवस खोकला वाढू शकतो, तेवढ्यात औषध बदलू नये. या काळातली अंडी कधीपर्यंत खायची नाहीत, हेही डॉक्टरांना विचारून घ्यावं.

लसूण, वावडिंग, कडुनिंब देणारे बरेच आहेत. थोड्या लसणानं अपाय होत नाही, पण श्वासनलिका भरत आलेल्या पिल्लाला लसणावर ठेवणं म्हणजे हातातले दिवस घालवणं. धुरी मात्र कधीच नको. कापूर, ऊद, नीलगिरीची वाफ माणसाला बरी वाटत असेल. पक्ष्याच्या हवापिशव्यांना ती सोसत नाही.

बुरशीचा आजार ओळखणं अवघड आहे. ‘अस्परजिलस’ बुरशीचे बीजकण ओलसर कुट्टीत, भुशात, शेंगांच्या टरफलांत, कोंदट मक्यात वाढतात. अवकाळीत भिजलेला भुसा वाळवून तोच खुराड्यात अंथरला जातो, आणि दोन-तीन आठवड्यांनी पक्षी खंगायला लागतो. जंताचा पक्षी खोकतो, डोकं झटकतो. बुरशीचा पक्षी बहुधा आवाज न करता धापा टाकतो, श्वासाबरोबर शेपटी हलते, आवाज बदलतो किंवा बसतो, छातीचं हाड हाताला टोचायला लागतं. यावर अँटिबायोटिक चालत नाही, उलट बुरशीला रान मोकळं होतं. बुरशीनाशक औषधं आहेत, महाग आहेत, आठवडेच्या आठवडे द्यावी लागतात, आणि उशीर झाला तर उपयोग कमी. त्यामुळे वास घेऊन बघा. ज्या भुशाला कुबट वास येतो तो अंथरायचा नाही, तसले दाणे खाऊही घालायचे नाहीत. खुराड्यात गेल्यावर तुमच्या डोळ्यांना अमोनिया झोंबत असेल तर जमिनीलगत श्वास घेणाऱ्या पक्ष्याला तो कितीतरी जास्त झोंबतो. आणि पाण्याचं भांडं अख्खं डोकं बुडेल इतकं खोल हवं. राजहंस नाकपुड्या आणि डोळे तसेच धुतो.

नाकातून पाणी, डोळ्यांत फेस, डोळ्याखाली सूज, शिंका, हिरवट हगवण आणि एकाहून जास्त पक्षी एकदम आजारी, असं दिसलं तर संसर्ग समजा. आजारी पक्षी वेगळा करा, त्याचं भांडं वेगळं, त्याचं काम सगळ्यात शेवटी. अँटिबायोटिक कोणतं आणि किती दिवस, ते डॉक्टर ठरवतील.

पक्षी पटापट मरायला लागले, माना वाकड्या व्हायला लागल्या, डोकं सुजलं, तर गोष्ट घरची राहत नाही. खानदेशाला हे सांगायची खरं तर गरज नसावी. एच५एन१ बर्ड फ्लूच्या आजच्या वंशाचा मूळ विषाणू १९९६ साली चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात एका राजहंसातच सापडला होता. दहा वर्षांनी, फेब्रुवारी २००६ मध्ये, भारतातला पहिला उद्रेक आपल्या नवापुरात नोंदला गेला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत परसातल्या कोंबड्यांत तो निघाला, आणि २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा आला. हतनूरसारख्या जलाशयांवर हिवाळ्यात बाहेरचे पाणपक्षी उतरतात. त्यांचं आणि पाळीव राजहंसांचं पाणी एक होऊ देऊ नये. मेलेला पक्षी घरी कापून बघू नका, उकिरड्यावर टाकू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. तोंडाला मास्क बांधा, हात साबणानं धुवा आणि पशुसंवर्धन विभागाला लगेच कळवा.

राहिला जंतांचा पुढचा बंदोबस्त. औषध पोटात गेलं तरी आवारातल्या अळ्या जिवंतच असतात. जनावरं आळीपाळीनं चारतो तशी राजहंसांचीही जागा बदला, गवत आखूड ठेवा म्हणजे ऊन मातीपर्यंत पोचेल, पाण्याच्या भांड्याभोवतीचा चिखल वाळू टाकून कोरडा करा. पिल्लं मोठ्यांच्या जुन्या आवारात न सोडता नव्या जागी वाढवा. औषधाचा शेवटचा डोस झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी शीट पुन्हा दवाखान्यात द्या, आणि पुढच्या वर्षी पहिल्या पावसानंतर महिन्याभरात एकदा.