उजनीचा काठ: बुडालेले वाडे, महामार्गावरची हॉटेलं आणि मधली पट्टी

भीमा नदीवरच्या उजनी धरणाच्या जलपर्यटनाचा आराखडा आला की सोलापुरात एक प्रश्न हमखास निघतो. एवढं मोठं पाणी पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेने पसरलेलं असताना जुनी, नावाजलेली हॉटेलं सगळी महामार्गावर का, पाण्याला लागून का नाहीत? कुणी सरकारी अनास्थेकडे बोट दाखवतं, कुणी स्थानिकांच्या विरोधाकडे. खरं कारण धरणाच्या रचनेत आणि ते बांधताना झालेल्या भूसंपादनात आहे.

सोलापूरला तळ्याकाठच्या वास्तू नव्या नाहीत. सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खोदवला अशी परंपरा आहे, आणि भुईकोट किल्ला त्याला खेटूनच उभा आहे. हिप्परग्याचा तलाव, म्हणजे एकरुख, अदिला नदीवर १८७१ मध्ये पूर्ण झाला. त्याचा मातीचा बांध २,३६० मीटर लांब आहे. पण गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात ज्यांच्या हाती पैसा आला, त्यांनी इमारती शहरात उठवल्या. महापालिकेच्या आवारातलं इंद्रभुवन त्यातलंच. तलाव शेतीसाठी आणि पिण्यासाठी होता, त्याच्या काठी हवा खायला राहायचं ही चाल इथे पडली नाही.

भीमाकाठी मात्र मोठी घरं होती. करमाळा, इंदापूर, माढा या पट्ट्यात नदीलगतच्या काळ्या रानावर इनामदार-देशमुखांचे वाडे आणि सामान्यांची माळवदी, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, घरं उभी होती. धरणाचं पाणी चढलं तेव्हा या दोन्हींचं एकसारखं झालं नाही. माळवदाची पांढरी माती पाण्यात भिजून बसते, मातीच्या भिंती पहिल्या-दुसऱ्या भरणीतच विरघळतात. सागाच्या तुळया, खांब, चौकटी लोक आधीच उतरवून नेतात, त्यामुळे छपराला आधारही उरत नाही. उरतं ते घडीव दगडाचं जोतं, बुरूज आणि चुन्यात बांधलेली भिंत. कुगावचा इनामदार वाडा आणि पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर दुष्काळात पाण्याबाहेर येतात ते यामुळेच. मोठमोठे प्रवासी लेख याच दोन वास्तूंवर संपतात. त्यांच्या आजूबाजूच्या शेकडो माळवदांचा मागमूस नाही, म्हणून त्यांच्याविषयी कुणी लिहीत नाही. उठलेली गावं तुकड्यातुकड्यांत नव्या जागी बसली; वांगी आणि केत्तूर या गावांच्या नावांपुढचे क्रमांक हीच त्या विखुरण्याची आज दिसणारी खूण.

धरणाचं काम १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालं आणि १९८० मध्ये पूर्ण झालं. लांबी २,५३४ मीटर, सांडव्याला ४१ दरवाजे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). यातले ५३.५७ टीएमसी उपयुक्त आणि ६३.६६ टीएमसी मृत, म्हणजे शून्य टक्के पातळीच्या खालचे. मृत साठा उपयुक्त साठ्याहून मोठा आहे, आणि काठावरचं सगळं अर्थकारण या एका गोष्टीवर फिरतं.

पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर, तर शून्य टक्के, म्हणजे उपयुक्त साठा संपतो ती पातळी, ४९१.०३ मीटर. उपयुक्त साठा सगळा या ५.८ मीटरच्या थरात मावतो, कारण जलाशय उथळ आणि पसरट आहे. आता काठाचा हिशेब करू. दोनशे मीटरला एक मीटर उतार असलेल्या सपाट रानात पाणी ५.८ मीटर उतरलं, तर कड १,१६० मीटर मागे जाते. ऑक्टोबरात ज्या ओट्यावरून पाण्यात पाय सोडता येतात, तिथून एप्रिलमध्ये किलोमीटरभर भेगाळलेला गाळ तुडवल्यावर पाणी लागतं. नदीच्या जुन्या पात्रालगत, जिथे काठ खडा आहे तिथे हेच अंतर पन्नास-साठ मीटरवर येतं. त्यामुळे काठची जागा पाहायची तर पावसाळा संपताना पाहू नये, मे महिन्यात पाहावी.

शिवाय पाणी शून्यावर थांबत नाही. शून्याखाली गेलं की आकडा उणे लिहितात, आणि वाचणाऱ्याला वाटतं धरण कोरडं पडलं. हे टक्के उपयुक्त साठ्याच्या हिशेबाने असतात. उणे ६० म्हणजे मृत साठ्यातले सुमारे ३२ टीएमसी उचलले गेले आणि साडेएकतीस टीएमसी अजून शिल्लक आहे. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली तरी साठा २९ टीएमसीच्या आसपास होतो. पाणी असतं, पण ते नदीच्या जुन्या खोल पात्रात गोळा झालेलं असतं आणि काठापासून लांब असतं. २०२३ च्या पावसाळ्यात धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं, २०२४ च्या जानेवारीतच उणे झालं आणि जूनपर्यंत उणे साठच्या घरात गेलं. बागायतदारांनी त्या उन्हाळ्यात मोटारी, केबल आणि पाइप पाण्यामागे पुढे पुढे सरकवले. हॉटेलाला तशी सोय नसते.

या पुढे-मागे होणाऱ्या कडेच्या आणि कायम कोरड्या रानाच्या मधली पट्टी हा खरा तंट्याचा विषय आहे. धरणासाठी जमीन घेताना फक्त पाण्याखाली जाणारी घेत नाहीत. पुराच्या फुगवट्यासाठी पूर्ण संचय पातळीच्या थोडं वरपर्यंत संपादन होतं आणि तिथे हद्दीचे दगड रोवतात. त्या दगडाच्या आतली जमीन सरकारची. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन गाळपेरीसाठी एका हंगामापुरती भाडेपट्ट्याने देतात, आणि त्यात पहिला हक्क धरणग्रस्तांचा असतो. ज्वारी, मका, हरभरा, कलिंगड अशी पिकं घ्यायची, पक्कं बांधकाम करायचं नाही, आणि पाणी लवकर चढून पीक बुडालं तर भरपाई मागायची नाही, अशा अटींवर.

पर्यटनासाठी हीच पट्टी खासगी विकसकाला दीर्घ मुदतीने द्यावी, हा विचार वारंवार पुढे येतो. बाजूने दिला जाणारा युक्तिवाद हलका नाही. जमीन वर्षातले काही महिने पडून असते, खात्याकडे देखभालीला पैसा नाही, रोजगार हवा आहे. पण ज्यांच्या सातबाऱ्यावरून ती जमीन गेली त्यांचं म्हणणं त्याहून वजनदार आहे. जमीन गेली सार्वजनिक कामासाठी, १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. त्या कायद्याने जमीन एकदा सरकारजमा झाली की कोणत्याही बोजाशिवाय सरकारची होते, आणि मूळ कामाला लागली नाही तरी मूळ मालकाला परत मागता येत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा स्पष्ट केलं आहे. संपादन सुरू झालं तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदाही नव्हता, तो १९७६ मध्ये आला. म्हणजे ज्याने धरणासाठी रान दिलं, त्याला ते मागायचा अधिकार नाही, त्यावर एका हंगामाची पेर करायची तर दरवर्षी अर्ज करायचा. आणि त्याच बांधावर दुसऱ्या कुणाला तीस वर्षांसाठी तंबू, कॅफे नि धक्का. पट्टा द्यायचाच असेल, तर गाळपेरीला जो प्राधान्यक्रम लागतो तोच त्यालाही लागायला हवा. अशा आराखड्यांतून नेमकं हेच कलम गळतं आणि विरोध तिथूनच उभा राहतो.

खासगी मालकीच्या जमिनीवरही बांधकाम सरसकट मोकळं नाही. नदीकाठी निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंच्या मध्ये निर्बंध. जमीन घेणारे सातबारा आणि फेरफार पाहतात, पण हद्दीचा दगड आणि पूररेषेचा नकाशा पाहत नाहीत. मग कुंपण घातल्यावर नोटीस येते. मोजणी करून दगड शोधणं हे पहिलं काम, वास्तुविशारद त्यानंतर.

त्यामुळे हॉटेलं महामार्गावर गेली. सुरुवातीला पाण्याजवळ राहायची सोय म्हणजे धरणाच्या वसाहतीतलं सरकारी विश्रामगृह. खाण्याची सोय भिगवण, पळसदेव, टेंभुर्णी या पट्ट्यातल्या ढाब्यांवर. जलाशयातली मासळी हीच त्यांची खरी पुंजी: चिलापी, वांब, मरळ, कटला, रोहू. पहाटे जाळी उतरतात, बाजार सकाळीच उरकतो, दुपारी तीच मासळी काळ्या मसाल्याच्या रश्श्यात आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर ताटात असते. चिलापी सगळ्यांत स्वस्त आणि बारमाही, म्हणून तळलेली तीच जास्त खपते. वांब महाग, तिची सोलणी किचकट. महामार्ग चौपदरी झाल्यावर दुभाजकाने गिऱ्हाईक वाटून टाकलं. ज्या ढाब्यासमोर दुभाजकाला फट किंवा सेवा रस्ता मिळाला तो टिकला, बाकीच्यांना एकाच बाजूच्या गाड्यांवर भागवावं लागलं. पाण्याची जवळीक या हिशेबात कुठेच नव्हती.

गेल्या काही वर्षांत निवासी शेतघरं आणि छोटी रिसॉर्ट पाण्याकडे सरकली आहेत. तिथे काय बिघडतं हे आता पुरेसं कळलं आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे उथळ पायावरच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर डागडुजी दरवर्षीची. शौचालयाचा शोषखड्डा मे महिन्यात खोदला तर कोरडा ठणठणीत दिसतो. ऑगस्टनंतर जलाशयाबरोबर भूजलही वर येतं आणि खड्डा शोषणं थांबवतो, सांडपाणी उलटतं. म्हणून बंद टाकी आणि उंचावरची प्रक्रिया हाच मार्ग. दोनशे लिटरच्या पिंपांवरचा तरंगता धक्का स्वस्त पडतो. पूर्ण बुडाल्यावर एक पिंप दोनशे किलोच्या आसपास भार उचलतं, पण हिशेब निम्म्याचा धरावा, कारण माणसं एकाच कडेला गोळा होतात. धक्क्याची फळी आणि नांगराचा दोर लांबवता आले नाहीत, तर जानेवारीत धक्का चिखलात बसतो.

पाण्याचा दर्जा हा आणखी एक नाजूक भाग. पुणे आणि पिंपरी परिसराचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून थेट इथे उतरतं. उन्हाळ्यात साठा कमी झाला की पाणी हिरवट होतं, पहिल्या पुराबरोबर जलपर्णी येते. पोहण्याची जाहिरात करणाऱ्यांनी हे गिऱ्हाइकाला सांगायला हवं.

पर्यटकांना सध्या सर्वाधिक खेचणारा रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मात्र बरोबर उलट्या गणितावर चालतो. त्याला उथळ पाणी आणि उघडा गाळ लागतो. धरण तुडुंब राहिलं आणि कालव्याची आवर्तनं उशिरा सुटली तर दलदल उघडी पडत नाही आणि कुंभारगाव, डाळजच्या बाजूला थवे उशिरा येतात. म्हणजे जे वर्ष नौकाविहाराला चांगलं, तेच पक्षी दाखवणाऱ्या नावाड्याला जड जाऊ शकतं. खोलीचं आरक्षण घेणाऱ्याने धरणाची टक्केवारी विचारूनच तारीख द्यावी.

करमाळ्याची बाजू या सगळ्यात मागे राहिली, कारण महामार्ग समोरच्या काठाने जातो. जुनी रेल्वेलाइन पाण्याखाली गेल्यावर डिकसळचा ब्रिटिशकालीन रेल्वेपूल रस्त्यासाठी वापरात आला आणि बराच काळ त्याच्यावरच भिस्त होती. बाकी ठिकाणी होडी. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. वैशाखातल्या दुपारनंतर काही मिनिटांत वारा उठतो, अडवायला मध्ये काही नसल्याने लाटा आडव्या येतात आणि कमी उंचीच्या काठाची होडी पाणी घेते. तीननंतर पाण्यात उतरू नये आणि जीवरक्षक जॅकेट अंगात असावं, बोटीच्या तळाशी नव्हे. शिरसोडी-कुगाव पूल मार्गी लागला की करमाळ्याचा काठ महामार्गाला थेट जोडला जाईल. मग हद्दीच्या दगडांची मोजणी, गाळपेरीचे अर्ज आणि पट्ट्यांचे प्रस्ताव त्या काठावरही येतील, आणि तिथली संपादित पट्टी इंदापूरच्या बाजूपेक्षा अजून मोकळी आहे. प्राधान्य कुणाचं हे पूल खुला होण्याआधीच कागदावर यायला हवं.