बालगृह, निरीक्षणगृहात काम करणाऱ्यांची संघटना: महाराष्ट्रात नोंदणी कशी करावी?

विधिसंघर्षग्रस्त (कायदा मोडल्याचा आरोप असलेल्या किंवा तो सिद्ध झालेल्या) मुलांसोबत काम करणारे समुपदेशक, परिवीक्षा अधिकारी, गृहपिता, गृहमाता आणि केस वर्कर एकत्र येऊन व्यावसायिक संघटना काढू शकतात. त्यासाठी दोन नोंदण्या लागतात. पहिली संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली आणि दुसरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली. दोन्हीची कामे धर्मादाय कार्यालयातच होतात, त्यामुळे पहिले प्रमाणपत्र हातात आले की बरेच जण काम संपले असे समजतात. ते संपलेले नसते.

कोण अर्ज करू शकते? किमान ७ सज्ञान व्यक्ती. सरकारी सेवेत असाल तर पदाधिकारी होण्याआधी कार्यालयाची लेखी परवानगी घेऊन ठेवा. पगारवाढ, बदल्या, सेवाशर्ती एवढ्यासाठीच संघटना हवी असेल, तर हा मार्ग चुकीचा. ती कामगार संघटनेची वाट.

उद्दिष्टे. सर्वात जास्त वेळ इथे द्यावा. ‘सभासदांचे हित जपणे’ एवढेच लिहिले, तर सार्वजनिक हेतू कुठे, अशी शंका निघते आणि पुढे आयकर सवलत मागतानाही तेच वाक्य आडवे येते. त्याऐवजी ‘बालसंरक्षण क्षेत्रातील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन मुलांच्या पुनर्वसनाचा दर्जा सुधारणे’ असे लिहा. नंतर उद्दिष्टे बदलायची तर खास सभेत तीन पंचमांश मते लागतात. मग एक महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तितक्याच मतांनी ठराव कायम करावा लागतो.

कागदपत्रे
- संस्थेचे ज्ञापन: नाव, उद्दिष्टे, कार्यकारी मंडळाची नावे, पत्ते, व्यवसाय
- नियमावली, कार्यकारी मंडळातल्या किमान ३ जणांनी प्रमाणित केलेली
- सातही जणांची संमती, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा
- कार्यालयाच्या जागेचे वीजबिल आणि मालकाचे ना-हरकत पत्र
- एकाला अर्जाचे अधिकार देणारे पत्र

अर्ज बहुधा क्षुल्लक गोष्टींवर अडतो. आधारवर ‘सुनिता’, ज्ञापनात ‘सुनीता’ आणि सही इंग्रजीत आद्याक्षरांची, एवढ्यावरही त्रुटीपत्र येते. नाव आधीच्या संस्थेशी मिळतेजुळते किंवा सरकारी वाटणारे असले तरी तेच. म्हणून तीन नावे पसंतीक्रमाने तयार ठेवा.

दुसरी नोंदणी. संस्था नोंदली की ३ महिन्यांच्या आत कलम १८ प्रमाणे विश्वस्त व्यवस्थेचा अर्ज करायचा. त्यानंतर ‘एफ’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. देणगीदार बहुधा दोन्ही प्रमाणपत्रे मागतात.

पुढची कामे. कार्यकारी मंडळ बदलले की ९० दिवसांत विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खालचा बदल अर्ज. हा राहिला तर नोंदवहीत जुनेच सचिव कायम असतात आणि बँक खात्यावरच्या सह्या अडकतात. हिशेब ३१ मार्चला बंद करून लेखापरीक्षण करून घ्यायचे.

या नोंदणीने मुलांना ठेवून घेण्याचा अधिकार मिळत नाही. निवासी संस्थेसाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ खाली वेगळी नोंदणी लागते. वार्षिक अहवालात मुलांचे फोटो, नावे, शाळा काहीही छापू नये. कलम ७४ चा भंग झाल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चेहरा धूसर केला, पण खाली गावाचे नाव आणि गुन्ह्याची तारीख तशीच राहिली, तर मूल ओळखू येतेच.