साखरेच्या परीक्षेत साखरच नापास

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला साखर ओळखायची बेनेडिक्ट चाचणी शिकवली, त्याच रात्री सदाशिव पेठेतल्या खोलीवर मी चहाच्या साखरेची पुडी बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पाण्यात विरघळवून परीक्षानळीत घेतली, त्यात बेनेडिक्टचं निळं द्रावण ओतलं आणि नळी उकळत्या पाण्यात धरली. पाच मिनिटं झाली तरी निळं ते निळंच. शेजारच्या नळीतलं ग्लुकोज तोवर हिरवं, पिवळं, नारिंगी होत विटकरी झालं होतं.

द्रावणाचा निळा रंग मोरचुदाचा, म्हणजे त्यातल्या तांब्याचा. ग्लुकोजचा रेणू पाण्यात बहुतेक वेळ कडं करून बसतो, पण मधूनच ते कडं उघडतं आणि टोकाचा अल्डिहाइड गट मोकळा होतो. तो तांब्याला इलेक्ट्रॉन देतो आणि तांब्याच्या ऑक्साइडचा विटकरी साका तळाशी बसतो. आपली साखर म्हणजे सुक्रोज: एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. पण दोघं जिथून उघडायचे, नेमके तिथेच एकमेकांना जोडलेले. कडं उघडणार कसं?

त्याला आम्ल आणि उष्णता लागते. पाक आळून त्याची साखर होऊ नये म्हणून उकळताना लिंबू पिळतात ना, तेच. थोडं सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज सुटं होतं आणि या मिश्रणाचे खडे सहजी बनत नाहीत. हा पाक बेनेडिक्टला द्या, उत्तीर्ण! गूळही होतो, कारण उसाच्या रसातच थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं आणि काहिलीत रस उकळताना आणखी साखर फुटते. रसवंतीतलं लिंबू मात्र चवीपुरतंच. गार रसात, ग्लास रिकामा होईपर्यंत, ते सुक्रोजचं काही बिघडवू शकत नाही.

स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ही चाचणी 1908 मध्ये मांडली. आधीच्या फेलिंग चाचणीची दोन द्रावणं ऐनवेळी मिसळावी लागत. याचं एकाच बाटलीत टिकतं. मधुमेहींची लघवीही वर्षानुवर्षं यावरच तपासली गेली: 5 मिलिलिटर द्रावण, 8 थेंब लघवी, आणि उकळी. पण ही चाचणी साखर ओळखतच नाही, इलेक्ट्रॉन देणारा ओळखते. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरपूर खाल्ल्या असतील, तरी ती फसू शकते.

स्टार्चचं वेगळं. ग्लुकोजच्या हजारो कड्यांच्या त्या माळेत मोकळं टोक एखादंच, त्यामुळे बेनेडिक्टचा तिथे उपयोग नाही. तिथे आयोडिन. स्टार्चमधल्या अमायलोजची माळ जिन्यासारखी गोल वळलेली असते, दर वळशाला सुमारे सहा ग्लुकोज. आयोडिन त्या पोकळीत ओळीने शिरतं आणि गडद निळा रंग येतो. तापवलं की वळसे सैलावतात, रंग उडतो. निवलं की परत येतो. हे मला अजूनही जादूसारखं वाटतं.

एका एकादशीला घरी टिंक्चर आयोडिन पातळ करून ताटलीत थेंब थेंब टाकलं (तो घास अर्थात फेकून दिला). साबुदाणा निळाकाळा, बटाटा निळाकाळा, वरीही तशीच. शेजारी भाताचं शीत ठेवलं होतं, तेही निळं. यातलं उपासाला काय चालतं, हे आयोडिनला काही सांगता आलं नाही.