डार्ट खेळातील शिष्टाचार आणि खिलाडूपणा

डार्ट, म्हणजे भिंतीवरच्या गोल बोर्डावर छोटे टोकदार बाण नेम धरून फेकण्याचा खेळ, खेळताना खेळाडूंनी, गुण मांडणाऱ्याने आणि बघणाऱ्यांनी पाळायच्या रीती. यातल्या काही स्पर्धांच्या लेखी नियमांत आहेत, काही नुसत्या वहिवाटीने चालत आल्या आहेत. इंग्लंडमधल्या पबांत वाढलेला हा खेळ जळगाव, धुळे, नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत कुस्ती, कॅरम किंवा क्रिकेटच्या मानाने नवखा आहे. घरची भिंत किंवा वसतिगृहाची खोली हेच इथले त्याचे मैदान. तिथे पंच नसतो. त्यामुळे खेळ स्वच्छ राहतो की भांडणावर जातो, हे खेळणाऱ्यांच्या वागण्यावरच ठरते.

बोर्डाचा मध्य, म्हणजे बुल, जमिनीपासून १.७३ मीटर उंच असतो आणि फेकरेषा बोर्डाच्या दर्शनी भागापासून २.३७ मीटरवर. प्रत्येक पाळीत तीन डार्ट. नेहमीच्या डावात ५०१ गुणांपासून उलटे मोजत शून्यावर यायचे आणि शेवटचा डार्ट डबलमध्ये (बोर्डाच्या कडेची अरुंद पट्टी, जिथे गुण दुप्पट होतात) किंवा बुलमध्ये लावायचा. उरलेल्यापेक्षा जास्त गुण झाले किंवा एकच गुण उरला, तर ती पाळी फुकट जाते. सुरुवात कोणी करायची ते बुलच्या जास्त जवळ कोणाचा डार्ट लागतो त्यावर ठरवतात. यात वाद घालायला जागा राहत नाही, म्हणून ही पद्धत घरच्या डावातही पाळावी.

या खेळात एकमेकांच्या अंगाला हात लागत नाही. समोरच्याला त्रास द्यायचाच असेल तर तो आवाजाने, हालचालीने किंवा सावलीने देता येतो, म्हणून शिष्टाचाराचा मोठा भाग स्तब्धतेचा आहे. प्रतिस्पर्ध्याने फेकणाऱ्याच्या मागे किमान दोन फूट अंतर ठेवून उभे राहायचे, हातातले डार्ट खुळखुळवायचे नाहीत. गुण मांडणारा बोर्डाशेजारी असल्याने फेकणाऱ्याच्या थेट नजरेत येतो. त्याने बोर्डाकडे तोंड करून निश्चल राहावे; डार्ट लागल्यावर मान डोलावणेही टाळावे. इकडच्या उन्हाळ्यात पंखा-कूलर बंद ठेवून खेळणे कठीण, पण तो कोणत्या वेगावर राहील हे डावाआधी ठरवावे. समोरच्याची पाळी आली की बटण फिरवणे हा सरळसरळ रडीचा डाव आहे.

सल्ला देण्याची सवय मात्र सुटायला वेळ लागतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्त्यांच्या डावाभोवती बसलेला प्रत्येक जण जसा खेळणाऱ्याच्या खांद्यावरून पानं बघून बोलतो, तसे डार्टमध्ये चालत नाही. स्पर्धेच्या नियमांत यासाठी बारीक रेघ ओढलेली आहे: खेळाडूने विचारले तर ‘बत्तीस उरले’ एवढे सांगता येते, ‘डबल सोळा मार’ असे सांगता येत नाही. हिशेब आणि वाट दोन्ही ज्याची त्याने शोधायची. मागून ‘अरे भो, सोळा मार ना!’ म्हणणारा मित्र भल्यासाठीच बोलत असतो, पण त्या डावातला समोरच्याचा हक्काचा वाटा तो काढून घेतो.

खरी परीक्षा मोजणीत होते. ट्रिपल म्हणजे बोर्डावरची आतली अरुंद पट्टी, जिथे गुण तिप्पट होतात. ट्रिपल २० चे गुण ६० आणि लगतच्या ट्रिपल १ चे फक्त ३. दोन्हींच्या मध्ये एकच तार. तारेला घासून घुसलेला डार्ट मागे लोंबला की त्याची दांडी वीसच्या बाजूला झुकलेली दिसते, टोक मात्र तारेच्या पलीकडे असते. गुण टोकाचे, दांडीचे नाहीत. म्हणून अशा वेळी दोघांनी जवळ जाऊन, बोर्डाला हात न लावता बघावे आणि गुण लिहून होईपर्यंत कोणीही डार्ट उपसू नये. उपसला की पुरावाच गेला. बोर्डावरून उसळून खाली पडलेल्या डार्टला गुण नाहीत, तो पुन्हा फेकताही येत नाही. आधीच्या डार्टच्या शेपटीत रुतून राहिलेल्यालाही गुण नाहीत, कारण त्याचे टोक बोर्डाला टेकलेलेच नसते. आपली बेरीज मांडणाऱ्याने चुकून जास्त लिहिली तर ती आपणच सांगायची. खिलाडूपणा म्हणतात तो इथे सगळ्यात उघडा दिसतो.

उसळलेल्या डार्टचा घरात वेगळा धोका आहे. चपला उंबऱ्याबाहेर काढायची आपली रीत, आणि पोलादी टोकाचा डार्ट अनवाणी पायावर पडतो. लोखंडी टोकाच्या डार्टने खेळताना पायात काहीतरी घालावे, बोर्ड दारावर किंवा ये-जा असलेल्या बोळात टांगू नये, तिन्ही डार्ट फेकून होईपर्यंत कोणालाही रेषेपुढे जाऊ देऊ नये. लहान मुले असतील तर चुंबकाचे डार्ट बरे.

जल्लोषाला बंदी नाही; तीन डार्टमध्ये १८० झाले की समोरचाही दाद देतो. जल्लोष कुठवर करावा, याचे उदाहरण वेल्सच्या गर्विन प्राइस या खेळाडूचे. २०१८ च्या ग्रँड स्लॅम ऑफ डार्ट्स या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गॅरी अँडरसनविरुद्ध केलेल्या आरडाओरड्याबद्दल व वर्तनाबद्दल त्याला दंड झाला. पुढे तोच २०२१ चा जगज्जेता झाला, आणि २०२३ च्या जागतिक स्पर्धेत प्रेक्षकांच्या शिट्ट्यांनी एवढा बेजार झाला, की उपांत्यपूर्व सामन्यात कानांवर आवाज अडवणारी साधने लावून खेळला आणि हरला. नेम धरताना शिट्टी मारणे ही आजही या खेळातली न सुटलेली खोड आहे.

काही खेळाडूंचा हात ऐन वेळी अडतो, डार्ट बोटांतून सुटतच नाही. या त्रासाला डार्टायटिस म्हणतात. पाच वेळचा जगज्जेता एरिक ब्रिस्टो यालाही तो १९८० च्या दशकात जडला. अशा खेळाडूची नक्कल करणे किंवा ‘फेक ना लवकर’ म्हणून घाई करणे असभ्य मानले जाते. तो हात खाली घेऊन पुन्हा उभा राहत असेल, तर तेवढा वेळ द्यावा. डाव संपल्यावर हरलेला आणि जिंकलेला हात मिळवतात, मांडणाऱ्यालाही हात देतात, आणि बऱ्याच ठिकाणी पुढच्या डावाचा पहिला डार्ट हरलेल्याला मिळतो.