स्नायूंना सूज, अंगावर चट्टे, आणि चिठ्ठीवर कर्करोगाच्या तपासण्या: असं का?

आमच्या लॅबच्या काउंटरवर एक प्रश्न वारंवार येतो. हातात चिठ्ठी असते. त्यावर आधी सीपीके, एलडीएच (स्नायू झिजले की रक्तात वाढणारी एन्झाइम), मायोसायटिस म्हणजे स्नायूंच्या सुजेचं पॅनेल असं लिहिलेलं असतं. खाली सीए-१२५ किंवा पीएसए (कर्करोगाचा माग काढायच्या रक्ततपासण्या, म्हणजे ट्यूमर मार्कर), शौचातलं न दिसणारं रक्त, आणि दुसरीकडे करायचं छाती-पोटाचं सीटी स्कॅन. चिठ्ठी पुढे सरकवताना माणूस हळूच विचारतो, "मला तर दंड-मांड्यांत ताकद नाही आणि तोंडावर चट्टे आलेत. मग या कॅन्सरच्या तपासण्या कशाला? डॉक्टर काही लपवतायत का?"

डॉक्टर काही लपवत नाहीत. या आजाराचा आणि कर्करोगाचा संबंध शंभरहून जास्त वर्षं वैद्यकशास्त्राला माहीत आहे, आणि तो शोधायची योग्य वेळ आजाराचं निदान होतं तीच असते. हे काउंटरवर दोन मिनिटांत नीट सांगता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक.

आजार कोणता

डर्माटोमायोसायटिस हे त्याचं नाव. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर आणि त्वचेवर उलटते, असा हा आजार. तो विरळाच दिसतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त. बळ जातं ते खांदे, दंड, कंबर आणि मांड्यांचं. बोटांची पकड बऱ्याचदा शाबूत असते. त्यामुळे माणूस पेन धरून सही व्यवस्थित करतो, पण बसक्या खुर्चीतून उठताना त्याला दोन्ही हात टेकावे लागतात. केस विंचरताना हात मध्येच खाली येतो. जिन्यावर कठडा धरल्याशिवाय पाय उचलत नाही. दुखण्यापेक्षा ही अशक्तपणाची तक्रार मोठी असते. काहींना घास गिळताना अडकल्यासारखं होतं किंवा पाणी नाकातून परत येतं. ही तक्रार किरकोळ समजू नका, डॉक्टरांना लगेच सांगा.

त्वचेवरच्या खुणा ठरावीक जागी येतात. वरच्या पापण्यांवर जांभळट छटा आणि थोडी सूज. बोटांच्या सांध्यांवर, म्हणजे मूठ वळल्यावर जी हाडं वर येतात नेमकी त्यांच्यावर, लालसर खडबडीत पुटकुळ्या. गळ्याखाली आणि पाठीच्या वरच्या भागावर शाल पांघरल्यासारखे चट्टे, जे उन्हात वाढतात. नखांच्या मुळाशी लाली आणि बारीक फुगलेल्या रक्तवाहिन्या. डोक्याला बेसुमार खाज. सावळ्या त्वचेवर जांभळा किंवा लाल रंग पटकन ओळखू येत नाही. तिथे तो करडा, तपकिरी किंवा नुसता काळवंडल्यासारखा दिसतो आणि वांग किंवा ॲलर्जी म्हणून सोडून दिला जातो.

काही जणांना फक्त त्वचेच्या खुणा येतात, स्नायू ठीक राहतात आणि सीपीके अगदी नॉर्मल येतं. म्हणून नुसतं सीपीके नॉर्मल आल्याने हा आजार नाही असं ठरत नाही.

आमच्याच लॅबमधली एक गोष्ट

एक ताई चार महिन्यांत तीनदा आमच्याकडे रक्त देऊन गेल्या. चिठ्ठीवर प्रत्येक वेळी लिव्हरच्या तपासण्याच होत्या. एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेलं, बाकी सगळं बरोबर. त्या लिव्हरसाठी पथ्य पाळत होत्या, गोळ्या घेत होत्या, आणि आकडे वाढतच होते.

चौथ्या वेळी आमच्या तंत्रज्ञ मुलीने दंडाला पट्टा बांधला आणि म्हटलं, "मूठ वळा." ताईंनी हात उताणा धरला होता, तो मूठ वळताना थोडा फिरला. बोटांच्या प्रत्येक सांध्यावर एक-एक लालसर, कोरडा ठिपका, मधली त्वचा स्वच्छ. रक्त घेऊन झाल्यावर त्या उठल्या त्यासुद्धा खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार टाकून. तिने तेव्हाच आत येऊन मला सांगितलं. आम्ही त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, त्याच नमुन्यात सीपीके लावलं. आकडा चार अंकी, म्हणजे नॉर्मलच्या कितीतरी पट आला.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइम लिव्हरमध्ये असतात तशी स्नायूंतही असतात. स्नायू झिजला की तीही रक्तात वाढतात. जीजीटी हे लिव्हरचं दुसरं एन्झाइम मात्र स्नायूच्या आजाराने वाढत नाही, त्यामुळे जीजीटी आणि बिलिरुबिन नॉर्मल आणि ही दोन वाढलेली, असं दिसलं की स्नायूंचा विचार व्हायलाच हवा. ताईंच्या आधीच्या तिन्ही रिपोर्टांत हेच चित्र होतं, आणि तिन्हींवर आमची सही होती. ती गोष्ट मला आजही बोचते. तेव्हापासून असा नमुना आला की आम्ही रिपोर्टखाली "सीपीके करून घेणे योग्य ठरेल" अशी टीप छापतो.

ताईंच्या पुढच्या तपासण्यांत पोटाच्या सीटी स्कॅनवर अंडाशयाची गाठ सापडली. पोटाची एकही तक्रार नव्हती. गाठीवर उपचार झाले, तसे बोटांवरचे ठिपकेही हळूहळू पुसट होत गेले.

हा संबंध किती पक्का

१९१६ साली जर्मन डॉक्टरांनी अशा रुग्णांची पहिली वर्णनं लिहिली: एकाला पोटाचा कर्करोग, एकीला स्तनाचा, आणि सोबत स्नायूंची सूज. पुढे अनेक वर्षं हा योगायोग की खरा संबंध, यावर वाद चालू राहिला. तो मिटवायला मोठी आकडेवारी लागली. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंड या तीन देशांतल्या नोंदी एकत्र करून २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डर्माटोमायोसायटिसचे ६१८ रुग्ण होते. त्यांपैकी १९८ जणांना कर्करोग झाला होता, काहींना आधी तर ११५ जणांना निदानानंतर. त्याच वयाच्या इतर लोकांशी तुलना केली तर निदानानंतरचा धोका साधारण तिप्पट भरला. त्वचेवर खुणा नसलेला, फक्त स्नायूंचा पॉलिमायोसायटिस ज्यांना होता, त्यांचा धोका जेमतेम १.३ पट होता. म्हणजे त्वचेवरच्या खुणांना इथे फार वजन आहे.

अंडाशय, फुप्फुस, स्वादुपिंड, जठर, मोठं आतडं आणि लसिकाग्रंथींचा एक कर्करोग, यांच्याशी नातं जास्त दिसलं. दक्षिण चीन आणि आग्नेय आशियात नाकामागच्या घशाचा कर्करोग या यादीत अग्रभागी असतो.

आता दुसरी बाजूही तितकीच नीट वाचा. तिप्पट धोका म्हणजे प्रत्येकाला कर्करोग नव्हे. याच आकडेवारीत तीनपैकी दोघांना कर्करोग झालेला नव्हता. तपासणी करायची ती या दोघांना निर्धास्त करण्यासाठी आणि तिसऱ्याला वेळेत पकडण्यासाठी.

असं होतं कशामुळे

सगळ्यात पटणारी मांडणी अशी. गाठीच्या पेशींत काही प्रथिनं बदललेली असतात किंवा प्रमाणाबाहेर तयार होतात. प्रतिकारशक्ती त्यांना परकं समजून त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी आणि पेशींची फौज उभी करते. म्हणजे ती मुळात कर्करोगाशीच लढत असते. पण तीच प्रथिनं दुरुस्ती चालू असलेल्या स्नायूंच्या तंतूंमध्येही भरपूर असतात, आणि मग फौज तिकडेही वळते. काही रुग्णांच्या गाठींमध्ये टीआयएफ-१ या प्रथिनाच्या जनुकांत बदल सापडले, आणि त्याच रुग्णांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी होती. या मांडणीला त्यामुळे चांगलं बळ मिळालं.

गाठ एवढीशी असताना, कसलीच तक्रार नसताना, त्वचेवर खुणा आधी का येतात हेही यावरून कळतं. आणि गाठ काढल्यावर त्वचा का निवळते, वर्षांनी खुणा परत आल्या तर डॉक्टर पुन्हा का शोध घेतात, हेही.

मायोसायटिस पॅनेलमध्ये काय पाहतात

या पॅनेलमध्ये एका नमुन्यावर अनेक अँटिबॉडी पाहिल्या जातात. कर्करोगाच्या दृष्टीने दोन नावं महत्त्वाची: टीआयएफ-१ गॅमा आणि एनएक्सपी-२. पहिलीवर जास्त काम झालं आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१२ साली जो हिशेब मांडला गेला, त्यात ती पॉझिटिव्ह असलेल्या प्रौढांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त जणांत कर्करोग सापडला. ती नसलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के जणांत तो नव्हता.

जो-१ आणि तिच्या जातकुळीतल्या अँटिबॉडी असतील तर कर्करोगाचा धोका कमी मानतात, मात्र फुप्फुसांकडे लक्ष ठेवावं लागतं. एमडीए-५ असेल तर फुप्फुसाची काळजी फार तातडीची असते.

लहान मुलांच्या पालकांना एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. मुलांनाही हा आजार होतो, त्यांच्यातही टीआयएफ-१ गॅमा बऱ्याचदा पॉझिटिव्ह येते, पण मुलांमध्ये तिचा कर्करोगाशी असा संबंध दिसत नाही. रिपोर्ट पाहून इंटरनेटवर मोठ्या माणसांबद्दलचं वाचून घाबरू नका.

आमच्या यंत्रावर ही तपासणी पट्टीवर होते आणि रेषेच्या गडदपणावरून निकाल ठरतो. फिकट रेष आली की आम्ही "अल्प पॉझिटिव्ह" लिहितो. अशी फिकट रेष निरोगी माणसातही येऊ शकते, आणि क्वचित टीआयएफ-१ गॅमा पट्टीवर निसटूही शकते. त्यामुळे खुणा आणि रिपोर्ट जुळत नसतील तर डॉक्टर दुसऱ्या पद्धतीने तीच तपासणी परत करायला सांगतात. तो अविश्वास समजू नका, ते योग्यच आहे.

कुणाला किती तपासण्या

२०२३ साली या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. सगळ्यांना सरसकट सगळं करायचं नाही, धोका पाहून ठरवायचं, हा त्यांचा गाभा. डर्माटोमायोसायटिस असणं, वय चाळिशीच्या पुढे असताना आजार सुरू होणं, टीआयएफ-१ गॅमा किंवा एनएक्सपी-२ यांपैकी एक अँटिबॉडी, गिळायला बराच त्रास, त्वचेवर व्रण पडून ती काळी पडणं, उपचार चालू असूनही आजार न दबणं: यातल्या दोन किंवा अधिक गोष्टी असतील तर धोका जास्त समजतात.

सर्वांसाठी मूळ तपासण्या साध्याच आहेत. सविस्तर विचारपूस, अंग तपासणं, रक्ताची आणि लघवीची नेहमीची तपासणी, लिव्हर, शरीरातली सूज दाखवणारं ईएसआर किंवा सीआरपी, रक्तातल्या प्रथिनांचा आलेख, छातीचा एक्स-रे. धोका जास्त असेल तर मानेपासून ओटीपोटापर्यंत सीटी स्कॅन, बायकांसाठी मॅमोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी, अंडाशयांची सोनोग्राफी आणि सीए-१२५, पुरुषांसाठी पीएसए, शिवाय शौचातल्या रक्ताची तपासणी. एवढं करून काही सापडलं नाही आणि शंका दाट असेल, तर पेट-सीटी (अंगभर गाठी शोधणारं खास स्कॅन) किंवा दुर्बिणीतून तपासणी.

सीए-१२५ किंवा पीएसए एकटंच पाहून हायसं वाटून घेऊ नका आणि हादरूनही जाऊ नका. हे आकडे कर्करोगाशिवायही वाढतात, आणि कर्करोग असूनही नॉर्मल राहतात.

धोका सर्वांत जास्त असतो तो निदानाच्या आगेमागे, पहिल्या वर्षात. नंतर तो उतरत जातो, पण निदानाच्या आधीची तीन आणि नंतरची तीन वर्षं एकाच साखळीत धरतात. म्हणून जास्त धोका असलेल्यांना मूळ तपासण्या तीन वर्षं, दरवर्षी करायच्या असतात. पहिल्या वर्षी सगळं नॉर्मल आलं म्हणून दुसऱ्या वर्षीची चिठ्ठी घरी ठेवून देणारे लोक आम्ही पाहतो. कृपा करून तसं करू नका.

रक्त देण्याआधी आम्हाला काय सांगाल

आदल्या दोन-चार दिवसांत कष्टाचा व्यायाम, पडझड, फिटचा झटका किंवा दंडात-कुल्ल्यात इंजेक्शन झालं असेल तर सांगा. त्याने सीपीके वाढतं. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू असेल तर तेही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर नक्की सांगा, काही यंत्रांवर त्यांनी ट्यूमर मार्करचे आकडे चुकतात. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं जाणार असेल तर अँटिबॉडीसाठी रक्त त्याआधी द्या, कारण त्या औषधात दात्यांच्या अँटिबॉडी असतात आणि रिपोर्ट फसवा येऊ शकतो. स्टिरॉइड सुरू झालं असेल तर तारीख सांगा, आकडा कमी झालेला कसा वाचायचा ते डॉक्टरांना त्यावरून कळतं. पण तपासणी चांगली यावी म्हणून स्टिरॉइड स्वतःहून बंद करू नका. ते अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

टीआयएफ-१ गॅमा किंवा एनएक्सपी-२ पॉझिटिव्ह आलं तर आम्ही तो रिपोर्ट मोबाइलवर नुसता पाठवून मोकळे होत नाही. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोलतो, मग तुम्हाला फोन करतो. येताना घरातलं कुणीतरी सोबत आणा; ऐकलेलं दोघांच्या लक्षात राहतं. आणि जुन्या रिपोर्टवरचा तुमचा नोंद क्रमांक जपून ठेवा. तो सांगितलात की नव्या रिपोर्टवर मागचे सगळे आकडे तारखेनिशी शेजारी छापून देतो, ते डॉक्टरांना एका नजरेत दिसतात.