नाईल क्रूझ आणि नासर सरोवराची क्रूझ: अबू सिंबेल नक्की कुठल्या बोटीवर?

"नाईल क्रूझ घेतलीय, म्हणजे अबू सिंबेल त्यात आलंच ना?" इजिप्तला निघालेल्या ओळखीच्यांपैकी कुणी ना कुणी हे विचारतंच. उत्तर असं, की नाही आलं. रामसेस राजाचं हे डोंगरात कोरलेलं देऊळ धरणामागच्या नासर सरोवराच्या काठी आहे, आणि तिथली क्रूझ वेगळी. दोन्ही क्रूझ अस्वानशी जोडलेल्या, दोन्ही तीन-चार रात्रींच्या आणि दोन्हींच्या जाहिरातीत दगडी फॅरो, म्हणजे जुने इजिप्शियन राजे, त्यामुळे गल्लत होते. पण मध्ये अस्वानचं मोठं धरण उभं आहे. १९७० साली पूर्ण झालेल्या या धरणाला बोटी वर-खाली चढवायची सोयच नाही. खालची बोट खाली, वरची वर.

लोक सरसकट जिला नाईल क्रूझ म्हणतात ती धरणाच्या खालची, अस्वान ते लुक्सॉर. नाईल उत्तरेकडे वाहते, त्यामुळे अस्वानहून निघालात तर प्रवाहाबरोबर जाता. कोम ओम्बोला सोबेक या मगरदेवाचं आणि होरसचं जोडदेऊळ धक्क्याला लागूनच आहे. शेजारच्या संग्रहालयात मगरींच्या ममी आहेत. एडफूचं होरसचं देऊळ इसवी सनपूर्व २३७ मध्ये सुरू झालं आणि ५७ मध्ये संपलं, म्हणजे पूर्ण १८० वर्षं. तिथं जायला टांगे उभे असतात. भाडं चढण्याआधी ठरवा.

एस्नाला नदीच्या दोन पातळ्या जोडणारं लॉक आहे. बोट रांगेत थांबली की छोट्या होड्यांतले विक्रेते गाठतात. टेबलक्लॉथ, गलाबिया (पायघोळ सैल झगे) प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खालून थेट तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या डेकवर भिरकावतात. नको असेल तर परत फेकायचं, हवं असेल तर पैसे त्याच पिशवीतून खाली. नेम आणि घासाघीस दोन्ही बघण्यासारखी!

या बोटींची एक गोष्ट माहितीपत्रकात नसते. धक्क्यावर त्या एकमेकींना खेटून लागतात. काठावर जायला तीन परक्या बोटींच्या लॉबीतून चालावं लागतं आणि 'नदीकडची खोली' उघडली की समोर दुसऱ्या बोटीची भिंत.

थडगी बघायची असतील तर मात्र हीच क्रूझ. लुक्सॉरच्या पश्चिम तीरावर राजांच्या खोऱ्यात साठाहून जास्त थडगी आहेत. त्यातलं तुतानखामेन राजाचं हॉवर्ड कार्टर या पुरातत्त्वज्ञाला १९२२ च्या नोव्हेंबरात सापडलं. जवळच हातशेपसुत राणीचं भव्य देऊळ आहे. ते तिचं थडगं नव्हे. देऊळ पूजेसाठी उघड्यावर, थडगं डोंगराच्या पोटात लपवलेलं.

धरणाच्या वरची क्रूझ वेगळीच. इथं नदी नाही, नासर सरोवर आहे. बोटी मोजक्या, काठाला गावं जवळपास नाहीत, नुसतं वाळवंट आणि पाणी. गावं होती, ती बुडाली. हजारो नुबियन कुटुंबं उठवून कोम ओम्बोच्या बाजूला वसवली गेली. उजनीचं पाणी उतरल्यावर वर येणारं पळसदेवचं देऊळ ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

देवळं मात्र युनेस्कोच्या मोहिमेत उचलली गेली, म्हणून या वाटेवरची बहुतेक देवळं मूळ जागी नाहीत. अमादाची रंगीत चित्रं बिघडू नयेत म्हणून देवळाचा मुख्य भाग न कापता रुळांवरून अडीच किलोमीटरच्या वर सरकवला. अबू सिंबेल १९६४ ते १९६८ मध्ये ठोकळे कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा रचलं. बोट त्याच्यासमोरच नांगर टाकते, आणि संध्याकाळी उजळलेले चार दगडी रामसेस जेवणाच्या टेबलावरून दिसतात.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने खालचीच घ्यावी आणि अबू सिंबेल अस्वानहून गाडीने करावं. एका बाजूला साधारण २८० किलोमीटर, तीन-साडेतीन तास. अंधारात उठून निघायचं, नाश्त्याचा डबा हातात. सरोवराची क्रूझ दुसऱ्या खेपेला, किंवा गर्दीचा तिटकारा असेल तर.

फक्त रामसेसची राणी नेफर्तारी हिच्यामुळे गोंधळू नका. अबू सिंबेलला तिच्या नावाचं धाकटं देऊळ आहे, दर्शनी भागात चार पुतळे राजाचे आणि दोन तिचे, जवळजवळ त्याच्याच उंचीचे. पण रंगांसाठी गाजलेलं तिचं थडगं लुक्सॉरला, राण्यांच्या खोऱ्यात आहे. ते दर वेळी उघडं असतंच असं नाही, तेव्हा बुकिंग करतानाच विचारून घ्या.